वारलूचा हरवलेला आवाज

१

माणसाचा आवाज चोरीला जातो का? असं कोणी महिन्याभरापूर्वी विचारलं असतं, तर दिव्यानी सहारे हसली असती. आज मात्र ती मोहटोल्याच्या शाळेत खुर्चीच्या कडेवर बसून हातातल्या रेकॉर्डरच्या इवल्याशा पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पडद्यावर फाईलचं नाव होतं. नावापुढे लांबी होती, शून्य मिनिटं शून्य सेकंद.

मोहटोला हे एटापल्लीच्या पलीकडचं, जंगलात शिरलेलं गाव. दिव्यानी तिथली शिक्षिका. मूळची ब्रह्मपुरीची, पण आता इथलं पाणी तिला मानवलं होतं, गोंडीही बरीच समजत होती. गावात वारलू उसेंडी नावाचा म्हातारा होता. त्याच्या घराण्याची रीत अशी, की लेक किंवा नात सासरी निघताना घरातल्या वडीलधाऱ्याने मांडवात घराण्याचा पाटा, म्हणजे गाणं, म्हणायचं. आपले पूर्वज कुठल्या डोंगरावरून आले, कुठल्या नदीकाठी थांबले, पोर अडलीनडली तर कोणाला हाक मारायची, असं सगळं त्यात. हा पाटा अख्खा येणारा वारलू शेवटचा. आणि त्याच वारलूच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

नात करिष्माचं लग्न ठरलेलं होतं. म्हणून नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी वारलूने पाटा म्हटला आणि दिव्यानीने तो रेकॉर्डरवर घेतला.

यंत्र वच्छलाबाई खोब्रागड्यांचं. त्या दिव्यानीच्या आईची मैत्रीण. उभा जन्म रेडिओच्या नोकरीत गेलेला. आता ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायच्या आणि शेजाऱ्यांचा पंखा कुठल्या सुरात कुरकुरतो हे न विचारता सांगायच्या. यंत्र देताना त्यांनी दिव्यानीकडून धडाच घोकून घेतला होता. सेल कोरे घाल. कार्ड आधीच कोरं करून घे, नंतर अजिबात नाही. हेडफोन लावून आवाजाची पट्टी बघ, लालला टेकू देऊ नको. लाल दिवा लागला की बाजूची कुलपाची खिटी वर सरकव, म्हणजे कोणाचं बोट लागलं तरी यंत्र बंद पडणार नाही.

दिव्यानीने सगळं तस्संच केलं होतं. पाटा संपला तेव्हा करिष्मा हुंदके देत होती. डोळे पुसत दिव्यानीने बंदचं बटण दाबलं, तोच शाळेतून निरोप आला की एक पोरगी चिंचेवरून पडली. ती तशीच धावली. संध्याकाळी परत आली तेव्हा यंत्र पिशवीत घालून, वारलूच्या बायकोने, कमलाबाईने, सुपात नीट ठेवलेलं होतं. दिव्यानीने ते नेऊन शाळेच्या कपाटात टाकलं. उघडून ऐकायचा तिला धीरच झाला नाही. भलतंच बटण दाबलं गेलं तर? या भीतीपायी तिने महिनाभर त्याला हात लावला नाही. मधल्या काळात वारलू नागपूरहून परत आला, गळ्याला फडकं बांधून, मुका होऊन.

आता परवा लग्न. आज तिने यंत्र काढलं तर ते चालूच होईना. झाकण उघडलं तर दोन्ही सेलांच्या टोकाच्या टिकल्या एकाच बाजूला, म्हणजे एक सेल उलटा. 'घाईत मीच घातले असतील,' म्हणत तिने झाकणावरचं चित्र बघून नवे सेल घातले. पडद्यावर कुलपाची खूण लुकलुकली. तिने खिटी खाली ओढली. आणि मग ते शून्य दिसलं.

मोहटोल्यात मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. दिव्यानी तिथे धावत गेली.

"काकू, गाणं नाई हो त्याच्यात! काहीच नाई!"

पलीकडून वच्छलाबाईंचा आवाज ठाम आला. "रडू नको. आधी कार्ड बाहेर काढ. त्याच्या कडेला बारीक खिटी आहे, ती खाली ओढ. ओढली? आता कार्ड परत घाल, अन् बिलकुल काही करू नको. बरं, जुने सेल कुठी टाकले?"

"एक शाळेच्या घड्याळात घातला. बंद पडलं होतं ते. यंत्रात एक उलटा बसला होता, घाईत मीच घातला असंन."

"मंग? घड्याळ चालून राह्यलं का?"

दिव्यानी आठवून म्हणाली, "हो. चालून राह्यलं."

"यंत्र चालू नाई करू शकले, अन् घड्याळ चालवून राह्यले," वच्छलाबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "मी उद्या सकाळच्या गाडीनं येते. दिव्यानी, सेल संपले नव्हते. अन् तू उलटा घातला असता, तर त्या दिवशी लाल दिवाच लागला नसता. त्या यंत्राले तुह्या मागं कोणीतरी हात लावला."

२

रात्री वादळ झालं आणि वीज गेली. लाइनमनने निरोप धाडला की तार लग्नाच्या दिवसापर्यंत जोडली जाईल, बहुतेक. त्या 'बहुतेक'वर गावाचा फारसा भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिव्यानी स्कूटीवरून आलापल्लीला गेली आणि वच्छलाबाईंना घेऊन आली. बाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. वाटेत म्हणाल्या, "यात बॅटरी एका वेळेपुरतीच आहे. पुसलेलं शोधायची तऱ्हा वेगळी, तुटलेलं सांधायची वेगळी. दोन्ही करून पाहाले वेळ पुरणार नाई. म्हणून आधी समजलं पाहिजे, का त्या दिवशी झालं काय."

शाळेत पोचल्या तर कपाट सताड उघडं, आणि यंत्राची जागा रिकामी.

दिव्यानी तशीच बाहेर धावली. अंगणात करिष्माचा मोठा भाऊ पवन मांडवाचे बांबू उतरवत होता. ती त्याच्यावर जवळजवळ ओरडलीच, "पवन, इथला रेकॉर्डर कोणी नेला?"

"आदेशनं नेला, मॅडम. बायांची हळदीची गाणी भरतो म्हणे. मीच काढून देल्ला. तसंही त्याच्यात काही नाई ना आता."

आदेश म्हणजे गावातला गवई. लग्नसराईत स्पीकर लावायचा, मधे मधे स्वतःच गायचा, आणि वारलूचा पाटा मोबाइलवर टाकून नाव कमवायची त्याची इच्छा गावात कोणापासून लपलेली नव्हती. पुसणारा तोच असेल का? पाटा आधी स्वतःकडे घेऊन मग इथला पुसून टाकला असेल का? दिव्यानीच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं.

आदेश आंब्याखाली सापडला. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, भोवती गाणाऱ्या बाया, आणि मांडीवर यंत्र. कार्ड काढून तो त्याच्या कडेला नखाने काहीतरी खरवडत होता.

"हे कार्ड घेऊनच नाई राह्यलं," तो म्हणाला. "कार्ड बंद हाये, असं येते. इथी बारीक खिटी दिसून राह्यली, ते वर केली का..."

"हात खाली!"

वच्छलाबाईंचा आवाज अख्ख्या रेडिओवर घुमायचा, तो आंब्याखाली घुमला. आदेशच्या हातून कार्ड मांडीवर पडलं. बाईंनी ते उचललं, फुंकर मारली, खिटी खालीच असल्याची खात्री केली आणि आपल्या चष्म्याच्या डबीत घालून डबी कनवटीला खोचली.

"लेका, ही खिटी वर गेली असती अन् तू एक गाणं भरलं असतं, तर ते खालच्या गाण्यावर जाऊन बसलं असतं. मंग देवालेही नसतं काढता आलं."

"पर मले कसं माहीत राहीन, बाई? सगळे म्हणून राह्यले, रिकामं हाये."

"ते राहू दे. अन् तो खर्रा थुक आधी. वारलूभाऊचा गळा पाहूनही अक्कल नाई आली?" आदेश ओशाळून झाडामागे जाऊन आला. "आता सांग. त्या दुपारी मॅडम शाळेकडे धावल्या, तवा तू तिथीच होता?"

"होतो ना. यंत्र पाहाले जवळ गेलो. पर हात नाई लावला, आईशप्पथ! वारलूकाकाचे भाऊ लालसूकाका तिथीच बसून होते, माह्याकडे डोळे वटारून पाहून राह्यले होते. नुसतं पाह्यलं. लाल दिवा जळून होता, मले वाटलं चार्जिंगचा असंन."

"लाल दिवा?" दिव्यानी पुढे सरसावली. "आदेश, मी तर बंद करून गेली होती!"

३

वारलूचं घर गावाच्या टोकाला. वारलू ओसरीत बाजेवर बसला होता. गळ्याच्या फडक्यामागून श्वासाचा बारीक फुसफुस आवाज येत होता. हाच माणूस एकेकाळी या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या गुराख्याला हाक मारायचा. दिव्यानीला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याने विश्वासाने दिलेली एकच वस्तू तिच्या हातून गेली होती, आणि तो दुसऱ्यांदा ती देऊ शकत नव्हता.

कमलाबाई लगबगीने पाणी आणायला निघाली. आतली खोली भर दुपारीही काळोखी. तिने खुंटीवरची जुनी लोखंडी टॉर्च काढली, दारात उभी राहून तिच्याशी काहीतरी खुटखुट केली, मग उजेड पाडत आत गेली आणि मडक्यातलं गार पाणी घेऊन आली.

वच्छलाबाई पाणी प्यायल्या. "कमलाबाई, त्या दिवशी यंत्र तुमीच पिशवीत घातलं ना?"

"हाव. धूळ बसंन म्हणून घातलं."

"तवा दिवा जळून होता का त्याचा?"

"मी नाई पाह्यलं, बाई." हे तिने फार पटकन म्हटलं आणि रिकामा गडवा घेऊन उठली.

वच्छलाबाई वारलूकडे वळल्या. "भाऊ, तुमच्यासमोर कोणी हात लावला का त्याले?"

वारलूने बायकोच्या पाठीकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि सावकाश तो पालथा केला. त्याच्या डोळ्यांत हसू होतं की पाणी, ते दिव्यानीला कळलं नाही.

"गेलं ते गेलं, म्हणून राह्यला आबा," शेजारी उभी असलेली करिष्मा म्हणाली. तिच्या हातांना अजून हळद लागायची होती, पण चेहरा आत्ताच पिवळा पडला होता. "मॅडम, तुमी नका लावून घेऊ मनाले. पाटा नाई तर नाई. पर लालसूआबानं असं कराले नव्हतं पाहिजे."

"लालसूनं केलं, हे कोणी सांगतलं?"

"गावच सांगते. तो पहिल्यापासून नाई म्हणत होता. मांडवाबाहेर पाटा म्हटला तर देव रागावते म्हणे." करिष्माने डोळ्याला पदर लावला. "आता तो लग्नालेच येत नाई म्हणते. सख्खा भाऊ हाये आबाचा. पाटाही नाई अन् लालसूआबाही नाई, असं कोणाचं लग्न राह्यते का जी?"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. वच्छलाबाईंनी कान तिकडे लावला.

४

लालसू त्यांना दारातच भेटला. आत या, म्हणाला नाही.

"मीच पुसलं, हेच आयकाले आले ना? तर आयका. मले ते यंत्र चालू कसं करावं तेही समजत नाई, तर पुसू कसं?"

"तुमी तिथी बसून होता," दिव्यानी न राहवून म्हणाली.

"बसून होतो! भाऊ उद्या मुका होणार, अन् मी घरी जाऊन झोपू?" लालसू उंबरा ओलांडून पुढे आला. "मी नाई म्हणत होतो, तो पाट्याच्या मानाकरता. पर एकडाव म्हटला, मंग म्हटला. भावाचा आवाज मी पुसंन? हे गावानं मानलं, याचंच मले दुःख हाये. तो आदेश जवळ गेला तवा मीच डोळे वटारून त्याले हटवलं. अन् गाई आल्या तवा निंगून आलो."

"तुमी निंगाले तवा दिवा जळून होता?"

"लाल? हाव, जळत होता."

"अन् घरात कोण कोण राह्यलं?"

"कोण राहीन? पवन गाडी पाहाले गेल्ता, करिष्मा शाळेत त्या पडलेल्या पोरीजवळ गेल्ती. भाऊ अन् वहिनी, बस."

वच्छलाबाईंनी मान हलवली. मग भलताच प्रश्न विचारला. "लालसूभाऊ, धानाची राखण कराले जाता, तवा टॉर्च कोणती नेता?"

लालसूने आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं, आत जाऊन एक चपटी टॉर्च आणली. छपरावरच्या सौर पाटीवर चार्ज होणारी. वच्छलाबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली.

"सेल नाई लागत हिले?"

"सेलवाली कोण वापरते आता, बाई? पोट्टे तर मोबाइलचाच उजेड करते."

परत येताना दिव्यानी रडकुंडीला आली होती. सूर्य टेकला होता, लॅपटॉप जपून ठेवला होता, आणि बाई टॉर्चच्या चौकशा करत होत्या. "काकू, काय चालू आहे तुमचं? उद्या लग्न आहे!"

"मले चोर सापडून राह्यला, बाळा," वच्छलाबाई थांबून धाप घेत म्हणाल्या. "अन् मले वाटून राह्यलं, का तो चोर नाईच."

५

कमलाबाईच्या अंगणात दिवेलागणीचा अंधार उतरला होता. वारलू ओसरीत डोळे मिटून पडला होता. बाकी सगळे मांडवाकडे.

"कमलाबाई, टॉर्च द्या बरं जरा," वच्छलाबाई म्हणाल्या. "चष्म्याची डबी पाहाची आहे."

कमलाबाईने खुंटीवरची टॉर्च काढून दिली. वच्छलाबाईंनी बटण पुढे सरकवलं. उजेड पडला नाही. पुन्हा सरकवलं.

"सेल संपले वाटते हिचे."

"नाई संपले, बाई. आना इकडे." कमलाबाईने टॉर्च घेतली, मागचं बूड फिरवून काढलं, वरचा सेल बाहेर ओढला, उलटा करून परत घातला आणि बूड बसवलं. लख्ख उजेड पडला. "सामानात दाबून बटण सरकते अन् सेल वाया जाते. म्हणून एक उलटा घालून ठेवतो. मंग कितीही..."

ती मधेच थांबली. टॉर्चचा उजेड तिच्याच पायांवर पडला होता. दिव्यानीला आठवल्या त्या दोन टिकल्या, एकाच बाजूला. 

वच्छलाबाई कमलाबाईशेजारी जमिनीवर बसल्या. आवाज त्यांनी अगदी खाली घेतला. "घाबरू नका. मी सांगते, चुकलं तर सांगा. आदेशले पुसाचं असतं तर त्यानं गाणं पुसलं असतं, अन् पुसणारा नावासकट पुसते. इथी नाव होतं, लांबी नव्हती. म्हणजे कोणी पुसलं नाई. गाणं भरून राह्यलं असतानी यंत्राचा दाणापाणी तुटला. यंत्र लांबी लिहिते सगळ्यात शेवटी, बंद करतानी. ते लिहाले त्याले वेळच नाई भेटला."

"पण मी बंद केलं होतं, काकू," दिव्यानी म्हणाली.

"तू बटण दाबलं. पण कुलूप वरच होतं; काल ते तूच खाली ओढलं ना? कुलूप लागलं असलं तर बंदचं बटणही चालत नाई." वच्छलाबाईंनी सुस्कारा सोडला. "यात तुह्यी चूक कमी, माह्यी जास्त. कुलूप लावाले मी घोकून घेतलं, उघडाले सांगतलंच नाई. त्याच्यानं यंत्र आयकत राह्यलं. आदेशले दिवा दिसला, लालसूभाऊले दिसला. मंग दोघंच उरले. कमलाबाई, तुमी बटणं दाबून पाह्यली असतीन. दिवा विझेना. मंग झाकण उघडून टॉर्चले करता तेच केलं. वारलूभाऊनं मघाशी तेच दाखवलं, हात पालथा करून. आमालेच वाचता नाई आलं."

कमलाबाई ढसढसा रडू लागली. "मले नाई माहीत होतं, बाई, का त्याच्यानं गाणं जाते! टॉर्चचं काही जात नाई. काल समजलं तवापासून जेवन जात नाई मले. अन् सगळे लालसूभाऊले..." तिने तोंडावर पदर दाबला.

"मंग दिवा जळून नव्हता पाह्यला, असं काऊन म्हटलं?" दिव्यानीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती काकुळती होती.

"सेलासाठी नाई विझवला मी." कमलाबाईने ओसरीकडे चोरटी नजर टाकली. "तो लाल दिवा आयकून राह्यला होता."

"काय आयकत होता?"

कमलाबाई उठली. टॉर्च घेऊन अंगणाबाहेर गेली. उजेडाचा ठिपका लालसूच्या घराच्या दिशेने जाताना त्यांना बराच वेळ दिसत होता.

६

शाळेत मेणबत्तीच्या उजेडात वच्छलाबाईंनी लॅपटॉप उघडला. आता काय झालं ते ठाऊक होतं, म्हणून एकाच वाटेने जायचं होतं. आधी कार्डाची हुबेहूब नक्कल केली. मूळ कार्डाला पुन्हा हात लावायचा नाही, कार्ड परत डबीत. मग नकलेतल्या त्या फाईलला सुटलेली लांबी बसवायची. पडद्याच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण पिवळी झाली, मग लाल. दिव्यानी नखं खात होती. तिने मनातल्या मनात मोहटोल्याच्या सगळ्या देवांना हात जोडले, आणि ब्रह्मपुरीच्याही.

"धर," बाई म्हणाल्या आणि हेडफोनचा एक कान तिला दिला.

आधी खरखर आली. मग कोंबडं आरवलं. मग कोणीतरी खाकरलं, आणि वारलूचा भरदार, थोडा घोगरा आवाज डोंगर उतरत आल्यासारखा कानात आला.

दिव्यानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वच्छलाबाई मात्र घाईत होत्या. पाटा संपेपर्यंत त्यांनी पेनड्राइव्हवर प्रत उतरवूनही घेतली.

पाटा संपला, पण आवाज संपला नाही. करिष्माचे हुंदके, दिव्यानीची धावती पावलं, आदेशचं 'हे लाल काय हाये', लालसूचा खोकला, गाईंच्या गळ्यातल्या लाकडी घंटा. मग शांतता. आणि मग वारलू गोंडीत बोलू लागला. कोणासाठी भरून ठेवायचं नव्हतं असं, अगदी हळू.

'उद्या आवाज जाते माहा. जनमभर तुले, आयकलं का, आयकलं का, म्हणूनच हाक मारली. आपल्यात बायकोचं नाव घेत नाई. पर आता कायचं काय? एकडाव घेऊन पाहू दे.'

बाज करकरली. मग वारलूने अडखळत, नव्या पोराने शाळेत पहिल्यांदा नाव सांगावं तसं, म्हटलं, 'कमला.' आणि पुन्हा, जरा मोठ्याने, 'कमला.'

एक बाई हसली. हसता हसता तिचा आवाज रडका झाला. 'गप राहा ना जी. हा डबा आयकून राह्यला. लोक काय म्हनतीन!' मग बटणांची टकटक झाली, झाकणाची खुटखुट झाली, आणि सगळं तुटलं.

लॅपटॉपही विझला. दिव्यानीने हेडफोन काढून मेणबत्तीजवळ ठेवला.

"दोन प्रती करू," वच्छलाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मांडवाकरता पाट्यापुरती. अन् एक अख्खी. ते ज्याची आहे त्यालेच."

दुसऱ्या दिवशी तार खरंच जोडली गेली. वच्छलाबाईंनी दोन्ही प्रती केल्या आणि अख्खी प्रत दुसऱ्या कार्डावर घेऊन रेकॉर्डरमध्ये घातली. आदेशने खर्रा न खाता स्पीकर लावले. करिष्मा निघायला उभी राहिली तेव्हा मांडवात वारलूचा आवाज घुमला, आणि खुर्चीत बसलेला वारलू ओठ हलवत स्वतःच्याच मागे म्हणत राहिला. त्याच्या खांद्यावर लालसूचा हात होता. कमलाबाईने आदल्या रात्री त्याच्या दारात बसून काय सांगितलं, ते त्याने कोणाला कळू दिलं नाही. फक्त सगळ्यांच्या आधी मांडवात येऊन बसला. करिष्मा रडली, पण ते रडणं सासरी जाणाऱ्या पोरीचं होतं. दिव्यानीच्या जिवात तेव्हा कुठे जीव आला.

पाहुणे पांगल्यावर वच्छलाबाई दिव्यानीला घेऊन ओसरीत गेल्या. रेकॉर्डर त्यांनी कमलाबाईच्या ओंजळीत ठेवला. "हा आता इथीच राहू द्या. मी म्हातारी कोणाचं भरू?"

दिव्यानीने तिला शिकवलं. कुलूप आधी खाली. मग हे बटण. ऐकून झालं की हे, आणि पडदा विझेपर्यंत थांबायचं. हेडफोनचा एक कान तिने कमलाबाईला लावला, दुसरा वारलूला, आणि ती वच्छलाबाईंचा हात धरून अंगणात जाऊन उभी राहिली.

तिथून काही ऐकू येत नव्हतं. नुसतं दिसत होतं. दोघं म्हातारी बाजेवर टेकून बसली होती. थोड्या वेळाने कमलाबाईने पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढला आणि तोंड फिरवलं. मग सांगितल्याबरहुकूम बटण दाबलं, पडदा विझेपर्यंत थांबली, आणि तरीही जन्माची सवय सुटेना म्हणून झाकण उघडून एक सेल उलटा घातला.

वारलूने तिच्या दंडाला हात लावला. तिने वळून पाहिलं. त्याने उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि सावकाश तो पालथा केला.

"आता बस ना जी," कमलाबाई म्हणाली. पण तिने झाकण उघडलं आणि सेल सरळ केला.